पोरपणाच्या गोष्टी आणि चाळिशीतलं व्हायोलिन

गिरगावपासून गोराईपर्यंत ख्रिस्ती घरांत फिरणारा समज: ‘पोरपणाच्या गोष्टी सोडा असं पौल म्हणतो, मग चाळिशीत चित्रकला, व्हायोलिन कशाला?’

वचन खरंच आहे: येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रात, 1 करिंथ 13:11. फक्त ते एकटं वाचू नका. घरातलं बायबल उघडून आठव्या वचनापासून बाराव्यापर्यंत वाचा. विषय प्रीतीचा आहे. आजचं ज्ञान अपुरं, आरशात दिसावं तसं अंधुक. पुढे ते पूर्ण होईल. बालपण हा त्या अपुरेपणाचा दाखला. छंद सोडा, असं तिथे कुठेच नाही. वेळ किंवा पैसा नसणं ही अडचण वेगळी.

आता कलेबद्दल बायबल काय म्हणतं, त्यासाठी जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाचा 31वा अध्याय पाहा: बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरलं, ते सोनं, चांदी, रत्नं आणि लाकडाच्या कारागिरीसाठी.