फटक्याशिवाय पोरांना कळत नाही, हे खरं नाही
आमच्या सांगलीत अजून सर्रास ऐकू येतं, "एवढ्याशा पोराला बरं-वाईट काय कळतंय, दोन फटके दिले की कळेल." नाही हो, तसं नाहीये. 2006 साली जर्मनीतल्या वार्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा दीड वर्षाच्या मुलांवरचा प्रयोग आला, कपडे वाळत घालताना माणसाच्या हातून चिमटा पडला, हात पोचेना, की बरीच पोरं आपणहून जाऊन उचलून देत होती, शाबासकी नाही खाऊ नाही, आणि त्यानं मुद्दाम फेकला तर सहसा देत नव्हती, म्हणजे अडचण ओळखतात की! परवा माझ्या तीन वर्षांच्या भाचीनं शेजारच्या पोराला ढकललं, मी एवढंच म्हटलं, "बघ गं, लागलं त्याला", तिनं जरा वेळानं हातातली भडंगाची वाटी त्याच्यापुढे धरली. फटका दिला असता तर नुसती मला घाबरली असती.