डिस्क गोल्फ, तलावकाठचे

डिस्क गोल्फ, तलावकाठचे : प्लास्टिकची तबकडी (डिस्क) ठरलेल्या जागेवरून फेकत फेकत, कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकण्याचा मैदानी खेळ. गोल्फप्रमाणेच यात एकेक होल (पहिल्या फेकीच्या जागेपासून एका बास्केटपर्यंतचा टप्पा) क्रमाने खेळतात. जेथून पहिली फेक करतात ती जागा टी. पुढची प्रत्येक फेक आधीची तबकडी जेथे थांबली तेथून होते. पूर्ण मैदान १८ होलचे असते. हौशी खेळाडूंसाठीचे आखूड मैदान बहुधा ९ होलचे, होलची लांबी ४० ते ८० मी. आणि प्रत्येक होल तीन फेकींचा धरलेला. प्रस्तुत नोंदीत अशा आखूड मैदानाचा, त्यातही तलावाच्या काठाने आखलेल्या मैदानाचा, नागपूरच्या संदर्भात विचार केला आहे.

उगम : या खेळाच्या आरंभाचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकमत नाही. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील ब्लॅडवर्थ या गावी १९२६ च्या सुमारास शाळकरी मुलांनी पत्र्याची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत टाकण्याचा खेळ गोल्फच्या धर्तीवर मांडला होता, हा ज्ञात दाखल्यांपैकी सर्वांत जुना. तो पुढे चालू राहिला नाही, त्यामुळे त्याला पूर्वज म्हणता येते, उगम म्हणणे अवघड आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाडे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांना लक्ष्य करून फ्रिसबी फेकण्याचे खेळ एकाहून अधिक ठिकाणी, बहुधा एकमेकांची खबर नसताना, सुरू झाले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील गट १९७० च्या आसपास नियमितपणे खेळत होता व १९७४ मध्ये तेथे मोठी स्पर्धाही झाली. तरीही खेळाला आजचे रूप देण्याचे श्रेय एड हेड्रिक यांना देणेच योग्य वाटते. फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत असताना फ्रिसबीच्या सुधारित रचनेचे पेटंट त्यांनी मिळवले (१९६७). १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान त्यांच्या आखणीने झाले. सुरुवातीला तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, आणि तबकडी खांबाला लागली की नाही यावर वाद होत. त्यावर तोडगा म्हणून साखळ्यांचे बास्केट आले. त्याचे पेटंट १९७७ चे. १९७६ मध्ये त्यांनी स्थापन केलेली पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना आजही नियम ठरवते.

तबकडी : नियमानुसार तबकडीचा व्यास किमान २१ सेंमी. असावा लागतो आणि वजन व्यासाच्या दर सेंमी.ला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून २१ सेंमी.ची तबकडी १७४ ग्रॅमच्या पुढे जात नाही. बोथट, खोल कडेची ती पटर, धारदार, रुंद कडेची ती ड्रायव्हर, मधली मिडरेंज. आखूड मैदानावर एक पटर व एक मिडरेंज पुरतात. नवख्याने ड्रायव्हर घेऊ नये, पाण्याजवळ तर नाहीच. ड्रायव्हरला लागणारा वेग हातात नसला की ती लवकर वळते, आणि ते वळणच खेळाडूला पाण्यात नेते.

बहुतेक तबकड्या पाण्यात बुडतात. तरंगणाऱ्या मुद्दाम हलक्या घनतेच्या प्लास्टिकच्या केलेल्या असतात. त्यांचे वजन बहुधा १५० ग्रॅमच्या आतबाहेर असल्याने वाऱ्यात त्या भरकटतात. नारिंगी किंवा गुलाबी रंग घ्यावा. हिरवी तबकडी जलपर्णीत आणि निळी गढूळ पाण्यात हरवते. आतल्या बाजूला नाव व दूरध्वनी क्रमांक पक्क्या शाईने लिहिण्याची चाल सर्वत्र आहे.

उड्डाण व पाणी : उजव्या हाताच्या खेळाडूने शरीरासमोरून हात ओढून केलेल्या फेकीत (बॅकहँड) वरून पाहता तबकडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. वेग असेतो ती सरळ किंवा किंचित उजवीकडे जाते. वेग ओसरला की हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्यापुढे सरकतो व पुढची कड वर उचलू पाहतो. पण तबकडी भिंगरीसारखी फिरत असल्याने तो जोर नव्वद अंशांनी फिरून लागू होतो आणि डावी कड खाली जाते. शेवटचे डावे वळण ते हेच, त्याला फेड म्हणतात. कोपर अंगाजवळ ठेवून मनगटाने केलेल्या बाजूच्या फेकीत (फोरहँड) सर्व काही उलट होते व तबकडी उजवीकडे संपते. डावखुऱ्याने दोन्हींच्या दिशा उलट वाचाव्यात.

समोरून वारा असला की तबकडीला हवेतला वेग अधिक मिळतो, म्हणून ती उशिरा व कमी फेड होते आणि वर चढते. मागून वारा असला की लवकर खाली बसते, फेडही जास्त होतो. बाजूचा वारा सर्वांत फसवा. डावी कड खाली झुकलेल्या तबकडीचे पोट उजवीकडे असते. उजवीकडून आलेला वारा त्या पोटाखाली शिरला की तिला उचलून डावीकडे वाहून नेतो. तलाव डावीकडे असेल तर अशा वेळी पाच-सात मीटरची चूक सहज पंधरा मीटरची होते.

पाण्याचे नियम : गोल्फ खेळलेला माणूस येथे हमखास चुकतो, कारण शब्द सारखे असले तरी अर्थ निराळे आहेत. पाणी हे आपोआप सीमेबाहेर (ओबी) नसते. मैदान आखणाऱ्याने तसे जाहीर करावे लागते. जाहीर केले नसेल तर पावसाच्या डबक्यात पडलेली तबकडी बास्केटपासून दूर जाणाऱ्या सरळ रेषेवर मागे घेता येते, दंड लागत नाही. हॅझर्ड म्हणून जाहीर केलेल्या जागेत एक फेक दंड लागतो, पण तबकडी पडली तेथूनच खेळायचे असते. म्हणून भरल्या तलावाला हॅझर्ड म्हणण्यात अर्थ नाही. त्याला ओबीच करावे.

ओबीचा दंड एक फेक. पहिलीच फेक पाण्यात गेली तर पुढची तिसरी धरतात. तबकडी पूर्णपणे व स्पष्टपणे ओबीने वेढलेली असेल तरच ती बाहेर. कडेचा लहानसा भाग जरी कोरड्या बाजूला टेकला असेल तरी ती आत. सीमेची रेषा मात्र ओबीतच मोजतात. पाण्यात पडलेली तबकडी केवळ लाटेने हलत असेल तर ती थांबली असे समजतात. वाऱ्याने काठाला लागेल म्हणून वाट पाहता येत नाही.

पुढची फेक कोठून करायची हा खरा प्रश्न. आधीच्याच जागेवरून, किंवा तबकडी शेवटी जेथे सीमेच्या आत होती त्या बिंदूपासून एक मीटरपर्यंत आत येऊन, किंवा आखणाऱ्याने ठेवली असेल तर ठरावीक जागेवरून. दुसऱ्या पर्यायाचा परिणाम मोठा आहे. तबकडी तलावात किती आत पडली याला किंमत नाही, तिने काठ कोठे ओलांडला याला आहे. टीपासून ८ मी.वर काठ ओलांडून पाण्यावरून ५० मी. गेलेली सुंदर फेक जवळपास टीवर परत आणते. ४५ मी. जमिनीवरून जाऊन शेवटी घसरलेली सामान्य फेक बास्केटजवळ उभे करते. दंड दोन्हींना एकच. पाण्यावरून जाऊन परत जमिनीवर उतरणाऱ्या तबकडीला मात्र काहीच दंड नाही.

नागपुरातील आखणी : शहरात अंबाझरी, फुटाळा (तेलंगखेडी), गांधीसागर (शुक्रवारी), सोनेगाव, सक्करदरा, गोरेवाडा असे अनेक तलाव आहेत. नऊ आखूड होलना साधारण चार-पाच एकर मोकळी जागा लागते. गांधीसागरचा काठ भिंतीने व वस्तीने बांधलेला आहे. फुटाळ्याच्या चौपाटीकडे संध्याकाळी गर्दी असते. गोरेवाड्याला लागून जंगल व प्राणिसंग्रहालय असल्याने तेथे हा विचारही करू नये. लहान तलावांचे उताराचे मोकळे काठ, संबंधित यंत्रणेची परवानगी घेऊन, सर्वांत सोयीचे.

अंबाझरीच्या काळाबद्दल घोटाळा आहे. तो १८७० मध्ये भोसल्यांच्या राजवटीत बांधला असे सर्रास लिहिले जाते. पण नागपूरचे राज्य १८५३-५४ मध्येच खालसा झाले होते, तेव्हा ही दोन विधाने एकत्र बसत नाहीत. भोसलेकालीन जुना तलाव आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी नंतर झालेली वाढ असे दोन टप्पे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या खेळाच्या दृष्टीने हा वाद अगदीच पुस्तकी नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी पाणथळ जागेच्या सरासरी पूररेषेपासून ५० मी.च्या आत कायम बांधकामाला मनाई केली आहे, तर खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत. तलाव कोणत्या वर्गात बसतो हे कोणी सांगेपर्यंत काँक्रीटचा पाया न घालता उचलता येणारी बास्केट वापरणेच शहाणपणाचे. बास्केटच्या तबकाची कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंमी. असावी. काळ्या मातीत खांब नुसता ठोकला तर पावसाळ्यात माती फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून तो कलतो. रुंद बैठकीचे बास्केट हा त्यावरही उपाय आहे.

ओबीची सीमा पाण्याच्या काठाला धरू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना. सप्टेंबरात सांडव्याला टेकलेले पाणी मे महिन्यात कित्येक मीटर मागे जाते व गाळाची जमीन उघडी पडते. काठ हीच सीमा मानली तर तोच होल दोन ऋतूंत दोन वेगळे होल होतात, आणि ओल्या गाळात कड नेमकी कोठे यावर तंटे होतात. भरल्या तलावाच्या काठापासून दोन मीटर जमिनीच्या बाजूला खुंट्या रोवून सुतळी ताणावी. सामन्याच्या दिवशी कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारली तरी चालते. फेरफटक्याची वाट कोणत्याही होलच्या आडवी येऊ देऊ नये. खेळायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात घामाने पकड सुटते आणि उन्हात ठेवलेली तबकडी मऊ पडते.

एक होल : लांबी ५५ मी., तलाव पूर्ण लांबीभर डावीकडे, काठ पाण्याकडे उतरता, बास्केट सीमेपासून ८ मी.वर. उजव्या हाताचा नवखा बास्केटवर नेम धरून सपाट बॅकहँड फेकतो आणि शेवटच्या दहा मीटरांत तबकडी पाण्यात जाते. नेम बास्केटच्या सहा ते आठ मीटर उजवीकडे धरावा, मिडरेंज घ्यावी, पुढची कड किंचित खाली ठेवावी. कड वर राहिली तर तबकडी मधेच थबकते आणि तेथूनच डावीकडे ओघळते. पाण्यात जाणाऱ्या फेकींचे हे सर्वांत नेहमीचे कारण. पाण्याच्या धास्तीने तबकडी घट्ट धरली तर ती उशिरा सुटून फार उजवीकडे जाते, पण ती चूक कोरडी असते. फोरहँड येत असेल तर तीच करावी, कारण आखूड पडली तरी तिचा शेवट तलावापासून दूर होतो.

बास्केटपासून १० मी.च्या आत फेकीनंतर तोल सावरल्याशिवाय आधीची तबकडी थांबली त्या जागेच्या खुणेपुढे पाऊल टाकता येत नाही. उतारावर हा नियम वारंवार मोडतो. बास्केटमागे पाणी असेल तर १२ मी.वरून जोरात पट (बास्केटमध्ये टाकण्यासाठीची जवळची फेक) करू नये. साखळीवरून गेलेली तबकडी पाण्यात पडते, आणि तबकाच्या कडेला लागलेली कडेवर उभी राहून उताराने चाकासारखी घरंगळते. वरच्या बाजूला दोन-तीन मीटर अलीकडे सपाट बसवून पुढच्या फेकीत टाकावी.

तबकडी काढणे : विहिरीतली बादली काढायचा गळ येथे तितका कामाचा नाही, तो गुळगुळीत पाठीवरून घसरतो. बागकामाच्या दाताळ्याचे पाते नायलॉनच्या दोरीला बांधावे, तबकडीच्या पलीकडे टाकावे, बुडू द्यावे आणि सावकाश तळाला घासत ओढावे. दात कडेखाली अडकतात. झटका दिला तर गाळ उठतो व पुढची दहा मिनिटे काही दिसत नाही. तबकडी जेथे बुडाली त्याच्या सरळ रेषेत समोरच्या काठावरचे झाड लगेच हेरून ठेवावे. अनवाणी पाण्यात उतरू नये. विसर्जन होत आलेल्या तलावांच्या तळाला मूर्तींच्या सांगाड्यांच्या काठ्या व खिळे असू शकतात, आणि बेशरमच्या झुडपांत पाय ठेवताना खाली काय आहे ते दिसत नाही. नियमाने शोधाला तीन मिनिटे मिळतात. त्यानंतर दुसरी तबकडी घेऊन खेळ पुढे न्यावा व दाताळे डाव संपल्यावर काढावे.