माता-बाल आरोग्यासाठी परकीय मदत

गरोदर स्त्री, बाळंतीण आणि पाच वर्षांखालचे मूल यांच्या आरोग्यसेवेसाठी श्रीमंत देशांची सरकारे, आंतरराष्ट्रीय संस्था आणि खासगी प्रतिष्ठाने विकसनशील देशांना अनुदान, सवलतीचे कर्ज, लसी, औषधे, उपकरणे किंवा तज्ज्ञ पुरवतात. या सगळ्याला मिळून ही संज्ञा वापरली जाते. हा पैसा कधी त्या देशाच्या तिजोरीत जमा होतो, कधी युनिसेफ किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या हातून जातो, तर कधी परस्पर एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या प्रकल्पावर खर्च होतो. या शेवटच्या वाटेने आलेला पैसा अर्थसंकल्पात दिसत नाही. आपल्याच देशात कोण कुठे किती दवाखाने चालवते आहे, याचा पत्ता आरोग्यमंत्र्यालाही नसतो असे प्रसंग त्यामुळेच उद्भवतात.

‘माता-बाल’ हा जोडशब्द कागदावर एकजीव दिसतो. मदत मात्र मुलापर्यंत आधी पोचली आणि आईपर्यंत बरीच मागाहून. याचे कारण दात्यांच्या मनात शोधण्यापेक्षा मृत्यूच्या स्वरूपात शोधलेले बरे. हगवणीने किंवा गोवराने दगावणारे मूल जलसंजीवनीच्या एका पाकिटाने, लशीच्या एका टोचणीने वाचू शकते. पाकिटे पेट्यांत भरता येतात, विमानाने पाठवता येतात आणि वर्षअखेरीला मोजून अहवालात मांडता येतात. रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झालेली बाळंतीण वाचवायची तर जागी असलेली परिचारिका, चालू स्थितीतली गाडी, रक्ताची पिशवी आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर या चारही गोष्टी एकाच वेळी हजर लागतात. त्या पेटीत भरून पाठवता येत नाहीत.

पाकीट आणि लस

जलसंजीवनीची कथा या मदतीच्या जमेच्या बाजूला सर्वांत ठळक आहे. अमेरिकी पैशावर १९६० साली ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. मीठ आणि ग्लुकोज एकत्र दिले तर हगवणीतही आतडे पाणी शोषून घेते, हे तिथल्या आणि कोलकात्यातल्या संशोधकांनी रुग्णांवर सिद्ध केले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात कालवलेले हे पाणी नातेवाइकांच्याच हाती देऊन रुग्णांना पाजायला लावले. छावणीतला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला.

पुढचे काम प्रयोगशाळेबाहेरचे होते. १९८० च्या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने परदेशी देणग्यांच्या बळावर घरोघर बायका पाठवल्या आणि आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे प्रमाण शिकवले. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली. इथली खरी हुशारी पगाराच्या पद्धतीत होती. किती घरी जाऊन आलात, हे कोणी विचारत नसे. काही दिवसांनी दुसराच माणूस येऊन आईला प्रश्न विचारी, आणि तिला किती आठवते त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. शिकवले किती यापेक्षा शिकली किती हे मोजणारे मदत-प्रकल्प आजही फार नाहीत.

१९८२ मध्ये युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी बालकांच्या वाढीवर लक्ष, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण ही चार कलमे हाती घेऊन मोहीम उघडली. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने सर्वांगीण प्राथमिक आरोग्यसेवेचा आग्रह धरला होता. तिच्या पुरस्कर्त्यांना ही चार कलमे म्हणजे मूळ विचारावर फिरवलेली कात्री वाटली. ग्रँट यांचे उत्तर रोकडे होते : मुले आज मरत आहेत. यादवी युद्धाने पोळलेल्या एल साल्वादोरमध्ये १९८५ साली दोन्ही बाजूंनी मुलांना लस टोचता यावी म्हणून ठरावीक दिवशी बंदुका खाली ठेवल्या. हा पायंडा पुढे इतर देशांतही पडला. वादात दोन्ही बाजूंना तथ्य होते. मोहिमेने लाखो मुले वाचली, आणि मोहीम संपल्यावर उरायला हवा होता तो दवाखाना अनेक ठिकाणी उभाच राहिला नाही.

२००० साली स्थापन झालेल्या ‘गावी’ या लस-आघाडीने लशींच्या मदतीला व्यापारी शिस्त आणली. गेट्स प्रतिष्ठानने सुरुवातीलाच ७५ कोटी डॉलर दिले. गरीब देशांची मागणी एकत्र करून उत्पादकांशी भाव ठरवायचा, घेणाऱ्या देशालाही लशीच्या किमतीतला वाटा उचलायला लावायचा, आणि त्या देशाचे दरडोई उत्पन्न वाढेल तसा तो वाटा वाढवत नेऊन शेवटी त्याला मदतीतून बाहेर काढायचे, अशी ही रचना आहे. न्यूमोनियावरची लस गरीब देशांत पोचायला एरवी कितीतरी वर्षे गेली असती. २००९ मध्ये ब्रिटन, इटली, कॅनडा, नॉर्वे, रशिया आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी मिळून १५० कोटी डॉलरचे आगाऊ खरेदी-वचन दिले, आणि कंपन्यांना उत्पादन वाढवण्याची खात्री वाटली.

आईची पाळी

१९८५ मध्ये ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून एक अवघड प्रश्न केला : माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता आहे कुठे? आईसाठी म्हणून जे काही होई, ते बहुतेक पोटातल्या बाळासाठी असे. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९८७ मध्ये, नैरोबीतील परिषदेत सुरक्षित मातृत्वाची जागतिक मोहीम सुरू झाली. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी तिच्या मागे होते.

पहिली दहा वर्षे बरीचशी चुकीच्या वाटेवर गेली. दात्यांनी गावोगावच्या सुइणींना प्रशिक्षण दिले, स्वच्छ पाते आणि साबण असलेल्या पिशव्या वाटल्या, आणि कोणते बाळंतपण अवघड जाईल ते आधीच ओळखायला शिकवले. स्वच्छ पात्याने नाळेतून होणारा धनुर्वात टळतो, हा फायदा बाळाला झाला. आईचा मृत्यू मात्र असा आधी ओळखता येत नाही, कारण रक्तस्राव बहुधा धोक्याच्या यादीत नसलेल्या बाईलाच होतो आणि सुईण कितीही शिकलेली असली तरी तिच्या पिशवीत रक्त नसते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धोरण फिरले. प्रत्येक गरोदरपणात जोखीम आहे असे धरून प्रशिक्षित परिचारिका आणि तातडीची प्रसूतिसेवा यांवर भर आला.

१९९४ मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची चौकट याच विचारातून आली. दवाखान्यात न्यायचे हे घरच्यांनी ठरवण्यात पहिला उशीर होतो, तिथे पोचण्यात दुसरा आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात तिसरा. पहिल्या उशिरासाठी जनजागृतीची भित्तिपत्रके छापणे दात्यांना सोपे जाते. दुसऱ्यासाठी काय करता येते ते नेपाळने दाखवले. ब्रिटिश मदतीच्या आधारे २००५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला प्रवासखर्च हातात मिळे, आणि तोही भूगोल पाहून : तराईत ५०० नेपाळी रुपये, मधल्या डोंगररांगांत १,०००, हिमालयाच्या उंच पट्ट्यात १,५००.

तिसऱ्या उशिरावरचे उपाय ऐकायला साधे आहेत. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके मॅग्नेशियम सल्फेट या जुन्या, स्वस्त औषधाने निम्म्याने टळतात, हे २००२ मध्ये मोठ्या चाचणीत दिसले. रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन थंड जागी ठेवावे लागते. वीज जाणाऱ्या दवाखान्यात त्याचा जोर कमी होतो आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. तेच काम करणाऱ्या पण उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाची दहा देशांतील सुमारे ३०,००० स्त्रियांवर चाचणी झाली ती याचसाठी. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले.

त्याहून बोलका आहे तो प्लॅस्टिकच्या एका पिशवीचा प्रयोग. बाळंत झालेल्या बाईखाली निमुळती होत गेलेली, मापाच्या रेघा असलेली पारदर्शक पिशवी लावतात. रक्त चादरीत न मुरता तिच्यात साठते आणि ५०० मिलिलिटरची रेघ ओलांडली की नजरेला दिसते. एरवी अंदाज डोळ्यांनीच बांधला जातो आणि तो नेहमी कमी भरतो. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींमध्ये ही पिशवी आणि तिच्या जोडीला लगोलग द्यायच्या उपचारांचा संच वापरून पाहिला. गेट्स प्रतिष्ठानच्या पैशावर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या निम्म्याच घटना लक्षात येत होत्या. नव्या पद्धतीत ९३ टक्के आल्या. तीव्र रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

घोडे कुठे अडते

दात्यांना इमारत आणि यंत्र देणे आवडते, पगार देणे आवडत नाही. इमारतीवर फलक लावता येतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि प्रकल्प तीन-पाच वर्षांत संपतो. याचा परिणाम अनेक प्रसूतिकक्षांच्या कोपऱ्यात पाहायला मिळतो. देणगीतून आलेली, व्होल्टेज न मानवल्याने किंवा एक सुटा भाग न मिळाल्याने बंद पडलेली, नवजात बाळाला ऊब देणारी काचेची पेटी तिथे असते आणि तिच्यात कापसाचे गठ्ठे ठेवलेले असतात. गरीब देशांच्या रुग्णालयांतील जवळपास ४० टक्के उपकरणे बंद असल्याचे २०११ मधील एका पाहणीत आढळले. याच्या उलट, कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटात निघाली, तीही तिथल्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून.

या सवयीला अपवाद आहेत. मलावीत परिचारिका देश सोडून जात होत्या, तेव्हा २००४ नंतर ब्रिटनने इतर दात्यांबरोबर त्यांच्या पगारावर ५२ टक्के भर घालण्याचा खर्च उचलला. इथिओपियाने २००३ पासून शालान्त शिकलेल्या ३०,००० हून अधिक तरुणींना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन गावोगाव नेमले. त्यांचा पगार सरकारने स्वतः दिला आणि दात्यांचा पैसा प्रशिक्षण, लसी व साहित्याकडे वळवला. मुलांचे मृत्यू झपाट्याने घटले. अवघड बाळंतपण मात्र या मुलींच्या आवाक्याबाहेरचेच राहिले. रवांडाने दात्यांना आपल्या आराखड्यात बसायला लावले आणि दवाखान्यांना कामगिरीनुसार पैसे दिले. तिथले मातामृत्यूचे प्रमाण २००० च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे १,०७१ होते, ते २०१४-१५ च्या पाहणीत २१० झाले. याचे श्रेय मदतीला किती आणि १९९४ च्या नरसंहारानंतर उभ्या राहिलेल्या कडक प्रशासनाला किती, यावर मतभेद आहेत. श्रीलंकेत मोठ्या मदतीचे युग सुरू होण्याआधीच प्रशिक्षित सुईण, मोफत सेवा आणि मुलींचे शिक्षण यांच्या जोरावर हे आकडे घसरू लागले होते, हेही या हिशेबात धरायला हवे.

दुसरी अडचण हिशेबाचीच. बाहेरून आरोग्यासाठी पैसा आला की सरकार आपला पैसा तिथून काढून दुसरीकडे वळवते, अशी शंका जुनी आहे. सरकारला मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे त्याचा स्वतःचा आरोग्यखर्च ४३ सेंटपासून १ डॉलर १४ सेंटपर्यंत घटतो, असा अंदाज २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या आकडेमोडीच्या पद्धतीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात दात्यांनी मदत घेणाऱ्या देशाच्या योजनेमागे चालण्याचे आणि आपापसात मेळ घालण्याचे वचन दिले. ते थोडेच पाळले गेले.

दात्यांचे राजकारण

गर्भपात हा या क्षेत्रातला कायमचा काटा आहे. गर्भपाताची सेवा किंवा सल्ला देणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकी मदत न देण्याचा नियम १९८४ मध्ये आला. तेव्हापासून डेमोक्रॅटिक अध्यक्ष तो उठवतात आणि रिपब्लिकन अध्यक्ष पुन्हा लावतात; जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा लागला. या संस्था गर्भनिरोधकेही पुरवत असल्याने त्यांचा पैसा बंद झाला की नको असलेली गरोदरपणे वाढतात. अमेरिकी मदतीवर जास्त विसंबलेल्या सहारा-दक्षिण आफ्रिकी देशांत नियम लागू असतानाच्या काळात गर्भपात घटण्याऐवजी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले, असे २०१९ मधील अभ्यासात आढळले. २०१० च्या मस्कोका शिखर परिषदेत श्रीमंत देशांनी माता आणि बालकांसाठी पाच वर्षांत ५०० कोटी डॉलर वाढवून देण्याचे ठरवले. यजमान कॅनडाने आपल्या वाट्यातून गर्भपातसेवा वगळली.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या सहस्रक उद्दिष्टांनी १९९० ते २०१५ या काळात बालमृत्यूंचे प्रमाण दोन-तृतीयांशाने आणि मातामृत्यूंचे तीन-चतुर्थांशाने उतरवायचे ठरवले होते. प्रत्यक्षात घट अनुक्रमे सुमारे ५३ आणि ४४ टक्के झाली. २०२२ मध्ये पाच वर्षांखालील बालमृत्यू पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली आले, पण त्यातले जवळजवळ निम्मे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले होते. पाकिटाने आणि लशीने वाचणारी मुले बरीचशी वाचली. उरलेली आईबरोबर त्याच प्रसूतिकक्षात अडकली आहेत. २०२३ मध्ये सुमारे २,६०,००० स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या. त्यांतल्या सुमारे ७० टक्के सहारा-दक्षिण आफ्रिकेतल्या होत्या. २०३० साठी ठरलेले लक्ष्य एक लाख जिवंत जन्मांमागे ७० पेक्षा कमी असे आहे; २०२३ चा आकडा १९७ होता.

त्यातच मदत आटते आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणला आणि पुढे तो २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड जुलै २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या पैशावर १९८४ पासून चालणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा निधी त्याआधीच, वर्षाच्या सुरुवातीला तोडला गेला, तेव्हा अनेक देशांत काम अर्धवट होते. जिथे मृत्यूची नोंद होत नाही, तिथे मातामृत्यूंचा आकडा बव्हंशी या पाहण्यांतूनच मिळत आला. पद्धत साधी आहे. प्रश्नावली घेऊन आलेली बाई घरातल्या स्त्रीला तिच्या भावंडांविषयी विचारते : बहिणी किती, त्यांतल्या हयात किती, आणि जी गेली ती गरोदर असताना, बाळंत होताना की त्यानंतरच्या दोन महिन्यांत.