देवदारी फळीची पार्श्वभूमी

पुण्यात लाकूड म्हणजे सागवान हे समीकरण पेशवाईपासूनचे आहे. 1732 मध्ये बांधून झालेल्या शनिवारवाड्याला जुन्नरच्या रानातला साग लागला, आणि पेठांतल्या वाड्यांचे खांब, तुळया, चौकटीही सागाच्याच. पाईन या शहरात आला तो खोक्यांच्या रूपाने. चीड या हिमालयातील पाईनच्या फळ्यांची खोकी मालाबरोबर येत, आणि ती रिकामी झाली की त्यांच्या फळ्या घराघरांतल्या मांडण्यांना लागत. लोक त्यांना सरसकट 'देवदारी' म्हणत. खरा देवदार हा निराळा आणि अतिशय टिकाऊ वृक्ष. पण गल्लत रूढ झाली आणि खोक्याचे लाकूड हलक्या प्रतीचेच असणार, हा ग्रहही तिच्याबरोबर रुजला. तो ग्रह अन्यायाचा आहे.

वनातील तोडीवर सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी कडक निर्बंध घातले, आणि त्यानंतर परदेशी लाकडाची आयात वाढत गेली. तीत न्यूझीलंडचा रेडिएटा पाईन ठळक होता. मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा हा वृक्ष न्यूझीलंडमधल्या लागवडीत 25 ते 30 वर्षांत तोडणीला येतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांखाली येणारी पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे लाकडी पाटही, बहुधा पाईनचीच असतात. 2002 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेल्या पॅलेटवर 'एचटी' असा शिक्का असतो. या उष्णतेने आतली कीड मरते, पुढे लागणारी वाळवी मात्र थांबत नाही.

ऋतूनुसार वाढीचा वेग बदलत असल्यामुळे या लाकडात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. रंग दिला की मऊ पट्टा तो पिऊन गडद होतो व कठीण पट्टा फिका राहतो, म्हणून आधी पातळ लाखेचा एक हात द्यावा लागतो. गाठीपाशी तंतूंची दिशा फिरते. तिथे रंधा उलटा चालला तर ढलपी उचकटते, आणि राळेने चिकट झालेले पाते टर्पेंटाइनने पुसावे लागते. कडेला खिळा मारण्यापूर्वी बारीक भोक पाडले नाही, तर फळी उभी चिरते. पण वाळवी-कीड रोखणारे औषध आत मुरवून घेण्यात रेडिएटा सागाच्या गाभ्यापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि हा गुण आपल्याकडे फारसा कोणी वापरत नाही.

जुलैत आणलेली फळी लगेच कपाटाला लावली, तर मेपर्यंत ती आकसून सांधे उघडे पडतात. जाणते सुतार अशा फळ्या मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवतात आणि त्या पुरत्या सुकल्यावरच करवत लावतात.