जर्मन लष्कराचे सरावी फटाके आणि ‘डीएम’ क्रमांकाचा गुंता

लढाईच्या सरावात तोफगोळा फुटल्याचा भास व्हावा म्हणून जर्मन लष्करात ‘कानोनेनश्लाग’ वापरत. पुठ्ठ्याच्या डबीत काळी दारू आणि वर सरस लावलेल्या दोऱ्याचे घट्ट वेढे. घडणीने तो आपल्या सुतळी बॉम्बचा भाऊच. अशा जुन्या वस्तू जमवणाऱ्या संग्राहकापुढचा प्रश्न एकच: ही वस्तू कुठल्या काळातली, सरावाची की खरी, लष्करी की नागरी? दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू त्या मानाने लवकर ओळखता येतात. सरावाच्या दांडीवाल्या हातबॉम्बचं डोकं लाल, त्याला धूर बाहेर पडायला भोकं, आणि कारखान्याचं नाव लपवणारा अक्षरांचा सांकेतिक शिक्का.

कस लागतो तो १९५५ नंतरच्या मालाला. पश्चिम जर्मनी नाटोत गेली आणि सरावाचा रंग निळा झाला. नाटोच्या रंगपद्धतीत लाल रंग आग लावणाऱ्या दारूगोळ्याचा, त्यामुळे वस्तूचा काळ ठरवल्याशिवाय रंगावरून काहीच म्हणता येत नाही.

मग येतो ‘डीएम’ क्रमांक. ‘जर्मन नमुना’ अशा अर्थाची ही दोन अक्षरं आणि पुढचा आकडा म्हणजे वस्तूचं नाव, असं बहुतेक संग्राहक धरून चालतात. तसं ते नाही. हा आकडा त्या-त्या प्रकारापुरताच असतो. डीएम ३१ नावाचा एक सुरुंग माणसांविरुद्धचा, उसळून फुटणारा. डीएम ३१ नावाचाच दुसरा सुरुंग रणगाड्यांविरुद्धचा. रणगाड्याच्या १२० मिमी गोळ्यांत १३, २३, ३३, ४३, ५३ अशी भेदक गोळ्यांची मालिका आहे आणि ८ ने संपणारे आकडे सरावाचे. ही शिस्त पाहून काहीजण कुठल्याही वस्तूचा शेवटचा आकडा वाचून ती निरुपद्रवी ठरवतात. हे मला फार धोक्याचं वाटतं. प्रकाराचा शब्द (सुरुंग, गोळा वगैरे) पुसला गेला असेल तर उरलेल्या आकड्याला ओळख म्हणून काडीची किंमत नाही.

त्यापेक्षा भरवशाचा तो नाटोचा तेरा आकडी साठा-क्रमांक. पहिले चार आकडे वर्ग सांगतात: १३७० आतषबाजीची सामग्री, १३३० हातबॉम्ब, १३४५ सुरुंग. पुढचे १२ म्हणजे जर्मनी. पण हा क्रमांक बहुधा खोक्यावर असतो आणि खोकीच आधी फेकली जातात. रिकामं खोकं जपणारा संग्राहक म्हणूनच मोलाचा. त्याच्याकडे दारूचा कणही नसतो, तरी पुरावा सगळा असतो.

नागरी फटाक्यांवर १९६९ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या १९७६ च्या स्फोटक कायद्याखाली ‘बीएएम’ या जर्मन सरकारी चाचणी संस्थेचा मान्यता क्रमांक छापला जाई. नववर्षाच्या रात्रीच्या फटाक्यांवर त्यात ‘पी-२’ वर्ग दिसतो. लष्कराला हा कायदा लागू नव्हता. म्हणून क्रमांक नाही म्हणजे माल लष्करी, असा तर्क बाजारात सर्रास चालतो. तो अपुरा आहे, कारण कायद्याआधीचा नागरी माल आणि चोरून आणलेला परदेशी मालही असाच कोरा असतो.

पूर्व जर्मनीचा हिशेब वेगळा. हार्त्स डोंगराळ भागातल्या झिल्बरह्युटे इथल्या सरकारी कारखान्याच्या नागरी फटाक्यांवर ‘ईव्हीपी’, म्हणजे ठरलेली किरकोळ किंमत छापलेली असे. किंमत दिसली की तो दुकानातला माल.

२०१० पासून युरोपीय नियमांप्रमाणे ‘सीई’ खूण आली. तिच्यासोबत ०५८९ असेल तर तपासणी याच बीएएम संस्थेची. त्यानंतर २०१७ पर्यंत जुन्या मान्यतेचा मालही चालू राहिला, त्यामुळे या सात वर्षांत दोन्ही खुणांचे फटाके एकाच वेळी बाजारात होते.