जखम दिसत नाही, मग भरपाई कशाची?

कामगार भरपाईच्या कायद्यामागे एक सौदा आहे. चूक कोणाची हे न पाहता मालकाने भरपाई द्यायची, कामगाराने त्याला कोर्टात खेचायचं नाही. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा १८८४ मध्ये झाला, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये, आणि अमेरिकेत १९११ पासून एकेक राज्य याच वाटेने गेलं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो यंत्रात हात सापडलेला माणूस.

मनाला बसलेला धक्का न्यायालयांना ठाऊक नव्हता असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात फाटकवाल्याने गाडी येत असताना रेल्वेचं फाटक उघडलं. बग्गीतलं जोडपं थोडक्यात वाचलं, पण बाई धसक्याने खचली. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि १८८८ मध्ये निकाल लागला: अंगाला इजा नाही, तेव्हा नुसत्या भीतीचे पैसे मिळणार नाहीत.

हीच कसोटी पुढे कामगार भरपाईतही डोकावत राहिली. अपवाद झाले. टेक्सासमध्ये परांचीचं एक टोक निसटून सहकारी डोळ्यांदेखत कोसळला आणि मेला. वाचलेल्याला मार किरकोळ, पण त्यानंतर उंचावर काम करणं त्याला जमेना. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हीसुद्धा इजाच मानली. तरी बऱ्याच राज्यांत ‘आधी शरीराची जखम दाखवा’ हा हट्ट कायम राहिला.

१९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आघाताचा आजार, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत नियमावलीत आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. आजाराला नाव मिळालं, पण अग्निशमन जवान, पोलीस आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांची अडचण निराळीच होती. अनेक ठिकाणी नियम असा की ताण त्या कामात नेहमी येतो त्याहून जास्त असला पाहिजे. आता ज्याचं कामच प्रेतं उचलण्याचं, त्याच्यासाठी ‘नेहमीपेक्षा जास्त’ म्हणजे काय? काम जितकं भयंकर, तितका दावा लंगडा! न्यूयॉर्कने २०१७ मध्ये आपत्कालीन सेवकांपुरती ही पाचर काढून टाकली.

दरम्यान २०१३ च्या नव्या नियमावलीने, घटना स्वतःवर न ओढवताही, मानवी अवशेष गोळा करण्यासारख्या कामातून वारंवार होणारा आघात पीटीएसडीच्या निकषांत घातला.

खरा फरक पाडला तो गृहीतकाने. आजार कामामुळेच झाला हे कर्मचाऱ्याने सिद्ध करायचं, ही जुनी रीत. गृहीतकाचा कायदा ती उलटी करतो: निदान झालं की कारण कामच धरायचं, नाकारायचं असेल तर पुरावा समोरच्याने आणावा. कॅनडात अल्बर्टाने हे २०१२ मध्ये केलं, ओंटारियोने २०१६ मध्ये. ओंटारियोने आपत्कालीन फोन घेणाऱ्यांनाही त्यात धरलं. हे महत्त्वाचं, कारण त्यांना काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा असा कायदा २०२० पासून लागू झाला.

फ्लोरिडाची वाट वेगळी. तिथे शरीराला इजा नसेल तर आपत्कालीन सेवकांना औषधोपचार मिळत, बुडालेला पगार मात्र नाही. २०१६ मध्ये ऑरलँडोच्या पल्स नाइटक्लबमधल्या गोळीबारात ४९ जण मारले गेले आणि आत गेलेल्या पोलिसांच्या बाबतीत हा नियम उघडा पडला. २०१८ मध्ये पगाराची भरपाई आली, पण गृहीतकाशिवाय. पुरावा ठोस हवा, आणि घटना कायद्यातल्या यादीत बसली पाहिजे: अल्पवयीन मुलाचा मृतदेह पाहणं, इस्पितळात पोचेपर्यंत दगावलेल्या जखमी मुलाला नेणं, विवेकाला हादरा देणारी भीषण इजा झालेला मृत्यू पाहणं. यातल्या ‘भीषण’ शब्दावर वाद होणार हे उघड होतं. म्हणून सरकारी नियमांत त्याचीही फोड करून ठेवली आहे: धडावेगळं झालेलं मुंडकं, बाहेर आलेला कोथळा, तुटून पडलेला अवयव.