पर्यावरणीय न्याय : दूषित हवा आणि चर्चचे कार्य (अमेरिका)

एकाच शहरातील गरीब व वांशिक अल्पसंख्याक वस्त्यांच्या वाट्याला सधन वस्त्यांपेक्षा अधिक दूषित हवा, पाणी आणि भूमी येते, या विषमतेचा अभ्यास व तिच्याविरुद्धची चळवळ यांना पर्यावरणीय न्याय अशी संज्ञा आहे. अमेरिकेत या चळवळीला कृष्णवर्णीयांच्या चर्चनी नेतृत्व तर दिलेच, पण मोजमापाचा आधारही दिला.

चळवळीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १९६८ मधील मेंफिसच्या सफाई कामगारांच्या संपापर्यंत मागे जातात. काहींना ह्यूस्टनमधील १९७९ चा खटला महत्त्वाचा वाटतो, कारण कचराभूमीसाठी केलेली जागेची निवड वांशिक भेदभावाची आहे, असा दावा त्यात नागरी हक्कांच्या आधारे करण्यात आला होता. तथापि राष्ट्रव्यापी चळवळ म्हणून तिचा आरंभ नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन काउंटीपासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. १९७८ मध्ये त्या राज्यात रस्त्यांच्या कडेने पीसीबी हे विषारी रसायन असलेले तेल बेकायदा ओतण्यात आले होते. दूषित झालेली माती पुरण्यासाठी ही बहुसंख्य कृष्णवर्णीय व गरीब लोकवस्तीची काउंटी निवडली गेली. सप्टेंबर १९८२ मध्ये कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्च हे आंदोलकांचे एकत्र जमण्याचे ठिकाण बनले आणि ट्रकची वाट अडवणाऱ्या ५०० हून अधिक लोकांना अटक झाली. कचराभूमी मात्र झालीच.

या आंदोलनात सहभागी असलेल्या ‘युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट’च्या वांशिक न्याय आयोगाने १९८७ मध्ये घातक कचऱ्याच्या स्थळांचा देशव्यापी अहवाल प्रसिद्ध केला. पिनकोडनिहाय विश्लेषण करता, अशी स्थळे कोठे आहेत याच्याशी उत्पन्नापेक्षाही वंशाचा संबंध अधिक निकटचा असल्याचे त्यात आढळले. १९९४ मध्ये अँडरटन व सहकाऱ्यांनी पिनकोडऐवजी जनगणनेचे लहान विभाग घेऊन हा निष्कर्ष अमान्य केला. पुढे मोहाई व साहा यांनी दाखविले की प्रदूषण विभागाची सीमा ओळखत नाही. कारखाना विभागाच्या कडेला असेल, तर शेजारच्या विभागातील बाधित लोक गणनेतून सुटतात. स्थळापासूनचे प्रत्यक्ष अंतर मोजल्यास वांशिक तफावत पुन्हा ठळक होते. ही पद्धत अधिक विश्वसनीय मानावी लागते. आधी वस्ती आली की आधी प्रदूषण, हा कायद्याच्या अभ्यासक व्हिकी बीन यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र या पद्धतीनेही आपोआप सुटत नाही.

हवेच्या बाबतीत या प्रश्नाचे अंशतः उत्तर १९३० च्या दशकातील गृहकर्जविषयक नकाशांत मिळते. या नकाशांत कृष्णवर्णीय व स्थलांतरितांच्या वस्त्यांना ‘ड’ हा सर्वांत खालचा दर्जा देऊन लाल रंगाने दाखविले जाई. २०२ शहरांच्या २०२२ मधील अभ्यासात नायट्रोजन डायऑक्साइड व २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण या वस्त्यांत आजही अधिक आढळले. महामार्ग आणि उद्योग यांचे सान्निध्य ही त्याची प्रमुख कारणे होत. प्रदूषण निर्माण करणारा आणि ते श्वासावाटे घेणारा हे वेगळे असतात, हेही टेसम व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडले : श्वेतवर्णीयांच्या उपभोगामुळे जितके सूक्ष्म कण हवेत जातात, त्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी त्यांच्या वाट्याला येतात, कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मात्र त्यांच्या स्वतःच्या उपभोगामुळे हवेत जाणाऱ्या कणांपेक्षा ५६ टक्के अधिक.

लुइझियानात बॅटन रूज ते न्यू ऑर्लीन्स या मिसिसिपीकाठच्या पट्ट्यात तेलशुद्धी व रसायन कारखान्यांची दाटी आहे. तेथील सेंट जेम्स पॅरिशमध्ये (या राज्यात काउंटीला पॅरिश म्हणतात) शॅरन लव्हीन या निवृत्त शिक्षिकेने २०१८ मध्ये श्रद्धाधारित ‘राइज सेंट जेम्स’ ही संघटना स्थापन केली. या संघटनेने आणि इतरांनी केलेल्या विरोधानंतर २०१९ मध्ये एका नियोजित प्लॅस्टिक कारखान्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला.

१९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संघीय संस्थांना पर्यावरणीय न्यायाची दखल घेण्याचा आदेश दिला; जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द करण्यात आला. न्यायालयीन मार्ग मात्र बंद झालेला नाही. ‘राइज सेंट जेम्स’, ‘इन्क्लुझिव्ह लुइझियाना’ आणि माउंट ट्रायंफ बॅप्टिस्ट चर्च यांनी जमीनवापराच्या भेदभावी धोरणाविरुद्ध २०२३ मध्ये स्थानिक प्रशासनावर भरलेला दावा खालच्या न्यायालयाने फेटाळला होता. एप्रिल २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो पुढे चालविण्यास परवानगी दिली.